कड्यातल्या तीन खोल्या

आमच्या वस्तीच्या पूर्वेला, बेज्जूरकडच्या जंगलाच्या डोक्यावर एक लांब दगडी कडा आहे. वस्तीतून पाहिलं की त्याच्या मधोमध पाच काळे चौकोन एका ओळीत दिसत. तिथे गेलेलं कोणी नव्हतं. मधलं सगळं जंगल राखीव होतं आणि कड्याखालचा भाग अभयारण्यात होता. तरी ते चौकोन काय आहेत हे वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण ते माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. मराठी शाळेत ते तीस वर्षं गुरुजी होते. दर वर्षी चौथीच्या वर्गाला खिडकीशी उभं करून ते सांगत, त्या भिक्खूंच्या खोल्या आहेत. पाच खोल्या, पाच भिक्खू. पावसाळ्यात गावं फिरणं बंद असे, तेव्हा ते वर राहून ध्यान करत.

मीही त्या खिडकीशी उभी राहिलेली आहे.

ही गोष्ट आंध्र प्रदेशाच्या काळातली, तेलंगण वेगळं होण्याआधीची. मी तेव्हा मंडळ कार्यालयात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, आवक-जावकच्या टेबलावर होते. आमच्या विहाराच्या समितीने सरकारला दरखास्त द्यायचं ठरवलं. मागण्या तीन होत्या. कड्यातली जागा बौद्ध लेणी म्हणून नोंदवावी, खाली फलक लावावा, आणि वैशाख पौर्णिमेला वंदनेसाठी जंगलात जाऊ द्यावं. समितीचा सचिव बाबांचाच विद्यार्थी, पुढे स्वतः शिक्षक झालेला. त्याने बाबांना मजकूर सांगायला बसवलं आणि मला लिहायला. रविवारच्या वंदनेनंतर सगळ्या वस्तीचे दस्तखत घ्यायचे होते.

दरखास्तीतलं तिसरं वाक्य होतं, "सदर लेणी मी स्वतः पाहिली आहेत." ते बाबांनीच, स्वतःच्या नावाने, सांगितलं आणि मी लिहिलं. सचिव गेल्यावर बाबा म्हणाले, "बाई, ते तिसरं वाक्य खरं नाही."

"मग काढू?"

"काढू नको. खरं करू."

तेव्हा बाबांना काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेला होता. डाव्याने नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसे, आणि ती नळी दर काही महिन्यांनी बारीक होत होती. उरलेलंही जाणार, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे पाहायचं असेल तर लवकर पाहायला हवं होतं. मी जानेवारीत वनखात्याच्या कार्यालयात परवानगीचा अर्ज दिला आणि फेब्रुवारीतला दुसरा शनिवार मागितला. त्या दिवशी मला सुट्टी असे.

बाबा चालत ते कुत्रीच्या मागे. कुत्री गावठी, पिवळट रंगाची. तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. तिच्या गळ्यात सुती दोर असे आणि त्याचं दुसरं टोक बाबांच्या डाव्या मनगटाला. ती खड्ड्याला वळसा घाली, दोर वळे, मग बाबा वळत. पायरी आली की ती थांबे, कारण पायऱ्या तिला आवडत नसत. एवढ्यावर त्यांचं चाले. दुकान, विहार, शाळेचा कट्टा, सगळीकडे ते असेच जात आणि माझा हात धरायला नकार देत. माझं म्हणे लक्ष नसतं. ते खरं होतं.

मी कुठेही जायच्या आधी वहीत यादी करते. त्या दिवशीच्या यादीत होतं: परवानगीचा कागद व दोन नकला, पाणी सहा बाटल्या, भाकरी-ठेचा, बॅटरी, मोजपट्टी, जादा दोर, पट्टी-आयोडीन, बाबांचे थेंब, मेणबत्त्या, उदबत्ती, काडेपेटी. प्रत्येक वस्तूपुढे खूण केली आणि मग पिशवी भरली. शेअरच्या जीपवाल्यांनी कुत्री घ्यायला नकार दिला, म्हणून पूर्ण जीप ठरवली. सकाळी आठला जंगलाच्या नाक्यावर पोचलो.

नाक्यावरचा वनखात्याचा वॉचर चाळिशीतला गोंड माणूस होता. खाकी शर्ट आणि खाली लुंगी. त्याने कागद पाहिला, आम्हाला पाहिलं, मग कुत्रीला पाहिलं.

"कुत्ता अंदर नहीं जाता, मॅडम."

मी परवानगी पुन्हा वाचली. "अर्जदार व वडील, एकूण दोन." कुत्री माझ्या अर्जात नव्हती. दोन नकला काढल्या होत्या, दोन्हींत नव्हती. ती बाबांबरोबर येणार हे मी इतकं गृहीत धरलं होतं की ती लिहायची गोष्ट आहे हे सुचलंच नाही. बाबांची चप्पल तरी मी कुठे लिहिली होती.

"तिला सोडून मी चालू शकत नाही," बाबा मराठीत म्हणाले. "मला दिसत नाही."

"असं मराठी बोला न मंग," वॉचर म्हणाला. "दिसत नाई तर वर काय पाह्यले चालले, बुढे बाबा?"

"थोडं दिसते. तेवढ्यात पाहून घेतो म्हणलं."

"कुत्रं हरणाच्या मागं लागते. साहेब मले विचारतात."

"मग कुत्री इथं बांध, आणि तिच्याजागी तू दोर बांधून पुढं चाल," बाबा म्हणाले. "भाकर देईन मी. तिलेही तेवढीच देतो."

वॉचर हसला, पण फाटक उघडलं नाही. त्याला काय हवंय ते मला कळलं, कारण माझ्या टेबलासमोर माणसं येतात तेव्हा मलाही तेच हवं असतं. मन वळवून चालत नाही, कागद लागतो. मी जीपच्या बॉनेटवर वही ठेवून लिहून दिलं. मी लिहून देणार अमुक अमुक, लिहून देते की, सोबतची कुत्री ही माझ्या अंध वडिलांच्या चालण्यासाठी असून तिला जंगलात कोणत्याही कारणाने दोरावरून सोडणार नाही. काही झाल्यास मी जबाबदार. खाली सही, पद, कार्यालय. "अंध" शब्दावर बाबांनी हरकत घेतली. मी "दृष्टी कमी असलेल्या" केलं आणि बाजूला सही केली. वॉचरने कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "मीच येतो संगं. चार वाजता वापस. पिशवी दाखवा."

मेणबत्त्या, उदबत्ती आणि काडेपेटी त्याने बाहेर काढली.

"वंदनेसाठी आहेत," मी म्हणाले.

"वर आग्यामोहोळ हाय, ताई. मोठमोठे. धूर लागला तर थे उतरतात खाली, अन् तुमाले पळाले जागा नाई. उदबत्ती लावाले कोण जाते तिथं?"

यादीतल्या तीन वस्तू नाक्यावरच राहिल्या.

दीड तास सागाच्या जंगलातून वाट होती. पानगळ सुरू झालेली, पायाखाली वाळलेली पानं पापडासारखी फुटत होती. कुत्री मध्ये, बाबा मागे, वॉचर पुढे, मी शेवटी. एक-दोनदा झुडपात काही हललं आणि कुत्रीचे कान उभे राहिले, तेव्हा मी माझं हमीपत्र आठवून दोराचं मोकळं टोक हातात धरलं. ती गेली नाही. बाबांनी वाटेत काही विचारलं नाही. ते सहसा विचारत, हे झाड कोणतं, सूर्य कुठे आला. त्या दिवशी ते डोळा मिटून चालले. मी विचारलं तर म्हणाले, "वरसाठी ठेवून राह्यलो."

कड्याखाली पोचल्यावर मान वर केली. चौकोन आता चौकोन नव्हते. तीन काळी भोकं होती, वेडीवाकडी. उजवीकडचे दोन नुसते काळे डाग होते आणि त्यांतल्या एकावर सुपाएवढं मोहोळ लटकलं होतं, जिवंत, वरून लाट फिरल्यासारखं हलणारं.

"दुसरा डाग जुन्या पोळ्याचा," वॉचर म्हणाला. "गेल्या साली तिथं होते."

"किती आहेत खोल्या?" बाबांनी विचारलं.

"तीन," मी म्हणाले.

"नीट मोज."

"तीन आहेत, बाबा. बाकी दोन मधमाश्यांचे डाग आहेत."

बाबांनी दोर हलवला आणि कुत्री निघाली.

खडी चढण संपल्यावर कड्याच्या अंगाला दगडाची एक पट्टी लागली. रुंदी हात-दीड हात, लांबी शंभरेक पावलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. पाय ठेवायला जागोजागी छिन्नीने केलेल्या खोबणी होत्या. कुत्री कड्याला अंग घासत गेली, तिच्यामागे बाबाही कड्याला खांदा घासत गेले, वाणसामान आणायला जावं तसे. त्यांना बाजूची दरी दिसत नव्हती. मला दिसत होती. मी दहा पावलं उभ्याने गेले. मग खाली बसले आणि हातापायांवर निघाले.

वॉचरने मागे वळून पाहिलं. "बुढे बाबा," तो म्हणाला, "दोर चुकीच्या माणसाले बांधला आपण."

"ऑफिसात बसून बसून झालं ते," बाबा न थांबता म्हणाले.

मधली खोली सर्वांत मोठी होती. वाकून आत जावं लागलं. आत थंड होतं आणि वटवाघळांचा वास होता. बाबा भिंतीला पाठ लावून बसले, धोतराच्या टोकाने डोळा पुसला, उघडला, आणि बॅटरीचा उजेड कुठे पाडायचा ते मला सांगू लागले. त्यांना एका वेळी ताटाएवढं दिसे. भिंत ते तशी ताटाताटाने पाहत गेले. पाऊण तास लागला. मग म्हणाले, "आता तू पाह्य आणि पंचनामा कर. जे आहे ते. शेतीच्या नुकसानीचा करतात तसा."

"पंच दोन लागतात."

"हा एक," त्यांनी वॉचरकडे बोट केलं. "मी दुसरा."

"दरखास्तीत तुम्ही अर्जदार आहात. अर्जदार पंच होत नाही."

"मग कुत्रीचा अंगठा घे."

मी मोजपट्टी काढली. लांबी साडेसोळा फूट, रुंदी नऊ, उंची कुठे सहा तर कुठे साडेचार. छत काजळीने काळं, हात लावला तर बोटाला लागणारं. दर्शनी बाजूला दगडांची रचलेली भिंत, अर्धी पडलेली, सांधे मातीने लिंपलेले. जमिनीत गोल खळगे, एका ओळीत सात, आतून गुळगुळीत. एका कोपऱ्यात तीन दगड आणि मधे भुकटी.

"ओटा?" बाबांनी विचारलं. "निजायचा, दगडातला?"

"नाही."

"कोनाडा? दिव्याचा?"

"नाही."

"अक्षरं?"

"नाही."

"चैत्याची खूण, स्तूप, काही कोरलेलं?"

"नाही, बाबा. काही कोरलेलं नाही. खळगे कोरलेले नाहीत, घासून झालेत. कांडून."

"शेजारच्या पाह्य."

शेजारच्या दोन्ही पाहिल्या. त्या लहान होत्या. एकीत खळगे होते, एकीत तेही नव्हते. मी परत आले तेव्हा कुत्री तीन दगडांमधल्या भुकटीत अंग वळवून झोपली होती आणि बाबा पडक्या भिंतीशी बसून मातीवर हात फिरवत होते.

"इथं हात लाव," ते म्हणाले.

लिंपणात बोटांचे चर होते. चार-चार, वरून खाली ओढलेले, अर्धगोल. शेण-मातीने आमच्या भिंती लिंपतात तेव्हा असेच उठतात. मी माझी बोटं त्यात ठेवली. चर अरुंद होते, माझ्या बोटांपेक्षाही.

"बाईमाणसाचा हात आहे," बाबा म्हणाले. "नाहीतर लेकराचा."

"कुत्रीलेही चूल वळखू आली, पाहा न," वॉचर म्हणाला. "पण तिचं काय खरं. देवळातही झोपते कुत्रं." मग त्याने सांगितलं, "आमचे म्हातारे म्हणतात, वर लोक राहात. कोणाचे लोक, थे नाई सांगत."

बाबांनी हात तिथेच ठेवला. मी पंचनाम्याची लेखी प्रत नीट करत बसले. तीस वर्षं, वर्षाला वीस-पंचवीस मुलं, असा हिशेब डोक्यात यायला लागला तेव्हा मी तो थांबवला.

"वंदना करायची?" मी विचारलं.

"करू. ती कुठंही करता येते." ते पालथी मांडी घालून बसले आणि त्रिसरण-पंचशील म्हणाले, मोहोळासाठी अगदी हळू आवाजात. वॉचर बाहेरच्या पट्टीवर तोंड फिरवून बसला होता. संपल्यावर बाबा म्हणाले, "उतरू. चार वाजतील."

नाक्यावर वॉचरने कुत्री मोजून घेतली, हमीपत्र परत दिलं आणि पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली. तेलुगूत. मेणबत्त्याही परत दिल्या.

रविवारी विहारात वस्ती जमली. दरखास्तीचे चारही कागद दस्तखतांनी भरले होते, बाबांची जागा तेवढी रिकामी होती. सचिवाने पेन पुढे केलं. "गुरुजी, पाह्यलं न? मंग झालं. उद्याच देतो."

"पाह्यलं," बाबा म्हणाले. "म्हणूनच बदलावं लागते." त्यांनी मला पंचनामा वाचायला लावला. मी वाचला. काजळी, खळगे, चूल, लिंपण. नसलेल्या गोष्टीही वाचल्या, ओळीने.

मग सचिव म्हणाला, "काऊन गेले तुमी वर, गुरुजी?"

"लिहिलं होतं न, पाहिलं म्हणून."

"लिहिलं तर लिहिलं! कोण साहेब जाऊन पाहून राह्यला? तो दीड हाताच्या पट्टीवर चढन का?"

"मी चढलो."

"तुमाले दिसत नाई, अन् तुमचं पाह्यलेलं धरून आमी वस्तीचा अर्ज फाडाचा?" हे बोलल्यावर तो थांबला, पण मागे घेतलं नाही.

मागून एक म्हातारी म्हणाली, "अवं गुरुजी, माह्या दोनी पोराईले तुमीच शिकोलं. थे बी खोटं?"

"खोटं नाही शिकोलं, बाई. खालून शिकोलं."

"तर खालूनच राहू द्याचं होतं," ती म्हणाली.

मला तिचं म्हणणं समजत होतं. आमच्या वस्तीच्या नावावर विहार सोडला तर काही नव्हतं. ज्या शेतांत आमचे आजे राबले ती दुसऱ्यांची, देवळं दुसऱ्यांची. तो कडा एवढाच होता की ज्याकडे बोट करून मुलांना सांगता येत असे, तिथे आपले लोक होते. बाबांनीच तो दिला होता. आता तेच परत घेत होते.

"मी दुसरा अर्ज लिहितो," बाबा म्हणाले. "त्यात एवढंच की, वर जुनं घर आहे, कोणाचं ते माहीत नाही, जाणकारांनी येऊन पाहावं. ज्याला पटेल त्याने दस्तखत करावा. ज्याला जुना पटतो त्याने आपला दस्तखत त्यावर राहू द्यावा. मी कोणावर रागावणार नाही."

दुसऱ्या अर्जावर बाबांसह नऊ जणांनी सह्या केल्या. त्यात मी एक. ती म्हातारी नव्हती.

सचिवाने जुना अर्ज लगेच दिला नाही. बाबांचं नाव गेल्यामुळे तिसरं वाक्य कोणाच्या तोंडी घालायचं हा प्रश्न होता. दुसऱ्या कोणी ते खोटं लिहिलं असतं, पण तो बाबांचा विद्यार्थी होता. त्याने माझ्याकडून वनखात्याच्या अर्जाचा नमुना नेला आणि मार्चमध्ये स्वतः वर जाऊन आला. संध्याकाळी तसाच घरी आला, तळहात खरचटलेले.

"दोन कोनाडे हायेत, गुरुजी. डावीकडच्या खोलीत. हाताएवढे."

"हाताने पाह्यले का डोळ्याने?"

"डोळ्याने. अन् हातानेबी."

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. डावीकडच्या खोलीत मी बॅटरी फिरवली होती. कोनाडा म्हणावं असं मला काही दिसलं नव्हतं, दगड निघून पडलेल्या दोन जागा होत्या. मी तसं सांगितलं.

"दगड आपोआप इतका चौकोनी नाई निघत, ताई," सचिव म्हणाला.

"निघतही असेल, नसेलही," बाबा म्हणाले. "तू पाहिलंस तर तू लिही. चहा घेऊन जा." तो चहा घेऊन गेला. बोटांचे चर पाहिले का, असं बाबांनी त्याला जाताना विचारलं. पाहिले, तो म्हणाला, बारीक आहेत.

सोमवारी तो कार्यालयात आला आणि त्याने जुना अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. तिसऱ्या वाक्याखाली आता त्याचं नाव होतं. बाबांचा अर्ज माझ्या पिशवीतच होता. तो मी त्यानंतर काढला. दोन्हींवर आवकचा शिक्का मीच मारला, क्रमांक एकापाठोपाठ पडले, आणि दोन्ही एकाच टपालात वर गेले. एकाच वस्तीकडून, एकाच जागेबद्दल, एकाच दिवशी दोन दरखास्ती. वरच्या कार्यालयात कोणी त्या शेजारी ठेवून वाचल्या का, मला माहीत नाही. मी त्या टेबलावर होते तोवर उत्तर आलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "गेले का?"

"गेले."

"वर कोणता ठेवलास?"

"जो आधी आला तो. त्यांचा."

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि दोर मनगटाला गुंडाळून विहारात जायला निघाले.